जेसीच्या वडिलांची एल आणि फळीवरचे जुने हॉप्स

स्कॉटलंडमधल्या आमच्या इनरलेदन गावचा निनियन पर्व्हिस चाळीस वर्षे सुतारकी करून निवृत्त झाला, आणि त्याच्या हातांनी दुसरी उपासना धरली: घरच्या चुलीवर एल नावाची बिअर करण्याची. काय ती निष्ठा! काय ते पातेले घासणे!

येत्या ऑक्टोबरात त्याच्या लग्नाला पन्नास वर्षे होणार होती. लग्नात त्याच्या सासऱ्यांनी, आर्ची मेंढपाळाने, स्वहस्ते केलेली गडद, दाट, गोडसर एल वाढली होती. आर्ची गेला आणि कृतीही त्याच्याबरोबर गेली. तीच चव एकदा, एकदाच, बायकोच्या, जेसीच्या, ओठी लागावी, एवढीच निनियनची आस होती.

जूनमधल्या त्या सकाळी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, पहिला रस आटून तपकिरी पाक झाला होता. आता तो उरलेल्या रसात मिसळून उकळायचा आणि त्यात हॉप्स पडायचे. ती वाळकी हिरवी बोंडे, जी गोडव्याला कडवटपणाचा आधार देतात. टेबलावर तीन ताजे पुडे होते. निनियन एकेक बोंड तळहातावर चोळी, डोळे मिटून हुंगी. एकाला संत्र्याच्या सालीचा वास, दुसऱ्याला पाइनचा, तिसऱ्याला फुलांचा.

त्याचा मित्र रॉब टर्नबुल कंटाळला. "लेका, नवरी निवडतोयस की काय?"

"नवरी निवडताना एवढं हुंगलं नव्हतं."

"हुंगलं असतंस तर मेंढरांचा वास आला असता," जेसी सूप ढवळताना म्हणाली.

"संत्र्यावाला घाल," रॉब म्हणाला. "एलच्या स्पर्धेत पाठव, परीक्षकांची नाकं उडतील!"

निनियनने पुडा तिच्यापुढे धरला. "जेसी, तुझ्या बाबांच्या एलचा वास यातला कुठला गं?"

तिने हुंगले आणि ती हसली. "वेड्या, बाबांच्या एलला हॉप्सचा वास कधी होता? नवे हॉप्स ते माळ्यावर लोकरीशेजारी दोन हिवाळे टांगून ठेवत. वास उडाला की म्हणत, आता ही पोरं कामाची झाली."

निनियनने पुडा खाली ठेवला. ज्याने दरवळायचेच नव्हते, त्याचा दरवळ तो तासभर तोलत होता! तो उठला आणि फळीवरचा, रॉबने टाकून दे म्हटलेला, तीन वर्षांपूर्वीचा डबा त्याने उघडला. आत साधे इंग्लिश हॉप्स होते. कुबट नव्हते, नुसते सुक्या गवतासारखे. वासाबरोबर कडवटपणाही उतरलेला, म्हणून एक मूठ जास्त घेतली. सगळे उकळीच्या आरंभीच टाकले, शेवटी एकही नाही. धन्य तो हॉप, जो गोडव्याला सावरतो आणि स्वतःचे नाव सांगत नाही!

ऑक्टोबरात पेले भरले. रॉबने घोट घेऊन विचारले, "हॉप्स घातलेस तरी का?" निनियन त्याच्याकडे पाहतही नव्हता.

जेसीने डोळे मिटून घोट गिळला. मग हळूच म्हणाली, "बाबा हीच एल ओतायचे तेव्हा आई ओरडायची, आर्ची, मला अर्धाच पेला."

तिने रिकामा पेला पुढे केला. "मला मात्र पूर्ण भर, निनियन."