वळणावरचा बोर्ड

रस्त्याकडेचे बोर्ड रोवता रोवता त्याची हयात गेली. लोक त्याला खांबतात्याच म्हणायचे. त्याचा खांब कधी तिरका उभा राहायचा नाही, असा लौकिक. आळसाचाही लौकिक होता, पण तो फक्त बायकोला माहीत.

पुलाकडच्या रस्त्यावर वेगमर्यादा साठ झाली. नियम असा, की पन्नासाच्या वर वेग असलेल्या रस्त्यावर हळू चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्या न्यायच्या नाहीत. त्यांनी शाळेमागचा रस्ता धरायचा. तसा बोर्ड वळणावर लावायचं काम तात्याकडं आलं. खड्डा खणायचा कंटाळा. ‘उद्या बघू’ म्हणत त्यानं कार्यालयाच्या कागदावर ‘लावला’ म्हणून सही ठोकली आणि बोर्ड कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून टाकला.

अकराव्या दिवशी शेजारची शिवणवाली मावशी आपल्या ठेंगण्या बॅटरीगाडीत कपड्यांची गाठोडी घालून नेहमीसारखी पुलाकडं वळली. मागून भरधाव टेम्पो आला. गाडी नाल्यात, मावशीच्या खांद्याचं हाड मोडलं.

कळल्याबरोबर तात्यानं पहार उचलली. उभ्या नोकरीत इतक्या घाईनं त्यानं खड्डा खणला नव्हता. बोर्डावरची कोंबड्यांची शीट धुतली, ओल्या सिमेंटवर माती पसरली.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब वळणावर आले. हात गळ्यात बांधून मावशीही आली.

“बोर्ड तर आहे, बाई.”

“काल नव्हता.”

“कागदावर बारा दिवसांपासून आहे.”

“आंधळीच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं,” टेम्पोवाला म्हणाला. चारजण हसले. मागं उभ्या तात्यानं मान खाली घातली.

मावशीची गाडी चालवायची परवानगी सोमवारी काढून घेऊ, असं साहेब सांगून गेले.

शुक्रवारी तात्या तिच्या घरी गेला. मावशी न शिवलेली कापडं गिऱ्हाइकांच्या नावानं वेगळी करत होती.

“परत पाठवते रे. एवढा थोरला बोर्ड दिसला नाही, तर कात्री कुठं चालेल काय सांगावं? तीन दिवस बोटं डोळ्यापुढं धरून मोजतेय.”



“मावशी, डोळे शाबूत आहेत तुझे.”

“तू काय डॉक्टर?”

“बोर्ड नव्हताच. माझ्या खुराड्यावर होता.”

मावशीच्या हातातलं कापड तसंच राहिलं.

“मला आंधळी म्हणाले, तेव्हा तू कुठं होतास?”

“तिथंच. मागं.”

“मेल्या! हाड काय, जुळेल. पण मला माझ्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावलास!”

“सांगितलं तर नोकरी जाईल, मावशी.”

“जाईल,” ती म्हणाली. बस म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही.

तसाच निघून तो कार्यालयात गेला.

“आता काय, तात्या? कागद तर चोख आहे,” साहेब म्हणाले.

“कागद खोटा आहे, साहेब. माझा आहे.”

साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. कुठून सुरुवात करावी ते तात्याला सुचेना. शेवटी त्यानं लिहिलं, ‘मावशीला चांगलं दिसतं.’