घडीवर फुटणारा लाल कागद

कार्डांचा कागद मी नखाने पारखते. तावाच्या कोपऱ्यावर नख ओढायचं. रंगाखाली पांढरं दिसलं तर तो ताव परत ठेवायचा. मग चांगला वाटलेला ताव दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवायचा, आधी उभा, मग आडवा. प्रत्येक ताव एका बाजूने निमूट वाकतो आणि दुसऱ्या बाजूने हट्ट करतो. घडी निमूट बाजूनेच घालायची, नाहीतर कार्ड घडीवर फुटतं. एवढं सगळं माहीत असून माझ्याकडून चूक झाली, असं मी चार वर्षं सांगत आले. चूक झाली नव्हती.

कागद शिकले ते थोरल्या जावेमुळे. मुळगावच्या आमच्या घरी हळदीकुंकू होतं. मी नवीनच कार्डं करायला लागले होते. वाणाबरोबर प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवलं. जावेने आपलं नाकाला लावलं.

"गो, हाका पेढ्यांचो वास येता! खोको फाडलो काय?"

खोकी फाडूनच केली होती. बायका हसल्या. मीही हसले, आणि त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो. पुढे तिने मला 'पेढ्याबाय' करून टाकलं. पंगतीत, पाहुण्यांसमोर, "पेढ्याबाय, भात हाड गो." मी भात आणायचे.

मग म्हापशाच्या एका दुकानात जाऊन जाऊन कागद शिकले. लोक कार्डं मागायला लागले, डिचोलीहून, साखळीहून. पण ताव निवडताना डोळ्यांसमोर गिऱ्हाईक कधी नसायचं. जाऊ असायची.

तिच्या मुलीचं लग्न पेडण्यात, चोपड्याला झालं. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, माहेराहून सासरी वजें जातं: नेवऱ्या, लाडू, फळं, आणि ते सासरचे वाड्यावर घरोघर वाटतात. जाऊ माझ्याकडे कार्डं मागायला आली.

"दर खोक्यार तुझें एक कार्ड जाय. लाल. आमची शोभा दिसूंक जाय तांकां."

त्या दिवशी पेढ्याबाय म्हणाली नाही.

दुकानात मी नख ओढलं. वरून कुंकवासारखा लाल, खाली पांढराफटक. तो ताव मी बाजूला काढला तसं दुकानदार म्हणाला, "बाय, हो कार्डांचो कागद न्हय. घडयेर फुटतलो."

"फुटूं दी," मी म्हटलं. त्याला वाटलं थट्टा.

घरी येऊन घड्या हट्टी बाजूने घातल्या. बारीक चिरा पडल्या, त्यांवर लाल रंगाचा ब्रश फिरवला. पोचेपर्यंत टिकायला हवी होती ना. आतला मजकूर घडीच्या आरपार एका ओळीत लिहिला: डावीकडे 'दोन घरं', उजवीकडे 'एक झाली'. अक्षर इतकं सुंदर मी आधी कधी काढलं नव्हतं.

चोपड्याहून परत आली ती जाऊ थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चेहरा उतरलेला.

"विहीणबायन सगळ्यांफुडें कार्ड उघडलें. अर्दें सकल जमनीर पडलें. 'दोन घरां' तेवडीं हातांत उरलीं. म्हणता कशी, सुरवातीकच मोडलें मगो."

मी चहा करत होते. हसू आवरेना, म्हणून साखर शोधायचं निमित्त करून कपाटात तोंड घातलं. खोटं कशाला सांगू, तो चहा मला फार गोड लागला.

दोन दिवसांनी जावेच्या मुलीचा, माझ्या पुतणीचा, फोन आला. ती कशी आहे हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"काकी, तुझो हात दुखता काय गो? तुझीं कार्डां अशीं केन्ना फुटूंक नाशिल्लीं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मीं सासूमायक सांगलां, माझ्याच वल्या हातान भिजलीं म्हणान. तूं वायट मानून घेव नाका."

बोलणी तिने खाल्ली होती. वाड्यावरच्या बायका वर्षभर तिला 'वल्या हाताची' म्हणत, हे मागाहून कळलं. म्हणजे मला मिळालं होतं तसंच नाव, आणि ते माझ्या हाताने. मी फोनवर म्हटलं, "हय गो, हात दुखता."

आता तिच्या बाळाचं बारसं आहे, आणि कार्डं माझ्याकडेच मागितली आहेत. गाभ्यापर्यंत रंग असलेला जाड पिवळा ताव आणला, प्रत्येक घडी निमूट बाजूने घातली. बारशाला जाईन तेव्हा तिच्या सासूसमोर सांगणार आहे, तिचे हात कोरडे होते.

जावेसाठी मात्र वेगळं कार्ड केलंय. त्या लाल तावाचा एक तुकडा उरला होता. डावीकडे मी काय केलं ते लिहिलं, दुकानदाराच्या बोलण्यासकट. उजवीकडे तिचं पेढ्यांच्या वासाचं वाक्य, तिच्याच शब्दांत. घडी हट्टी बाजूनेच घातली आहे. चिरेवर या वेळी रंग लावला नाही. उघडलं की दोन तुकडे होतील. माझा तुकडा तिने हवा त्याला दाखवावा. तिचा तेवढा तिने स्वतः वाचावा.