बेंबीकडे जाणारी धमनी

मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमधल्या जुन्या परिचराला सगळी मुलं मामा म्हणायची. शिक्षण जेमतेम सातवी, पण तीस वर्षं त्या टेबलांपाशी काढलेली. पहिल्या वर्षाची मुलं देहाच्या पोटावरची कातडी सोडवायला लागली, की मामा हळूच जवळ सरकायचे.

"घाई नको. मांडीच्या वरच्या टोकाशी एक धमनी निघते, जांघ ओलांडून बेंबीकडे जाते. दोऱ्याएवढी बारीक. चरबीबरोबर खरवडून टाकाल."

दहातली नऊ मुलं टाकायचीच. मग घरी जेवताना मामांचं गाऱ्हाणं ऐकायला बायको. तिला ती धमनी तोंडपाठ झाली होती. देहदानाचा अर्ज भरताना ती हसत म्हणाली, "माझ्या पोटावर एवढी चरबी, त्यात ती कुणाला सापडणार? तुम्हीच बसा शोधत."

ती गेली तेव्हा विभागाच्या मॅडमनी मामांना समजावलं. "इथे नको. तुम्हाला सोसवणार नाही." दोन तासांवरच्या दुसऱ्या कॉलेजात तिला पाठवलं. मामा बरं म्हणाले खरे, पण जीव थाऱ्यावर राहीना. परक्यांच्या आयाबायकांपाशी आपण जन्मभर उभे राहिलो. आपल्या माणसापाशी कोण उभं असेल?

दीड वर्ष त्यांनी मन मारलं. मग एका शनिवारी बस पकडून तिथे गेले. तिथला परिचर त्यांच्याच वयाचा. मामांनी त्याला बायको कुठल्या टेबलावर आहे ते विचारलं. "कुठलं टेबल ते मलाही ठाऊक नाही हो. नुसते नंबर असतात."

"टेबल नका सांगू. बेंबीकडची ती बारीक धमनी तुमची मुलं राखतात का, तेवढं सांगा."

"कुठली राखतात. मला स्वतःलाच कधी दिसली नाही."

 मामांनी कागद मागून घेतला आणि धमनी कुठून निघते, कातडी कुठे उथळ कापायची, ते काढून दाखवलं. त्या माणसाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि हॉलचं दार उघडलं.

आत चादरींखाली सहा देह होते. मामा प्रत्येकापाशी सारखाच वेळ थांबले. एकीची चादर पायाशी सरकली होती, ती नीट केली.

बाहेर चहा घेताना ते म्हणाले, "फार बोलायची हो ती. कान किटायचे माझे."

दुसऱ्या परिचराने न विचारताच आणखी एक चहा मागवला. "सांगा ना," तो म्हणाला, "काय काय बोलायच्या वहिनी?"