तेलाची नळी

भोईवाड्याला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत गुणाजी धुरीचं गॅरेज आहे. गॅरेज आपलं म्हणण्यापुरतं. आत दोन गाड्या मावतात, तिसरी रस्त्यावर लावायची आणि ट्रॅफिकवाला आला की शेजारच्या देवळासमोर ढकलायची. पण टर्बो डिझेलचं काम म्हटलं की दादरपासून डिलाईल रोडपर्यंतचे लोक त्याचंच नाव घ्यायचे. गिरण्यांचा संप झाला तेव्हा गुणाजी सोळा वर्षांचा होता. बाप घरी बसला, याची शाळा सुटली, आणि वडाळ्याला ट्रकचे डिझेल पंप उघडणाऱ्या एका सरदारजीच्या हाताखाली तो चिकटला. तिथे बारा वर्षं शिव्या खाऊन जे शिकला, त्यावर पुढचा सगळा संसार उभा राहिला.

त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक होते रघुवीर सोहोनी. हिंदू कॉलनीत राहायचे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी गडद निळी टर्बो डिझेल गाडी घेतली आणि वॉरंटी संपल्या दिवसापासून ती गुणाजीकडे येऊ लागली. सर गाडी टाकून जाणाऱ्यांतले नव्हते. पँट वर ओढून स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, "गुणाजी, हे काय? हे कशासाठी?"

गुणाजीला असा माणूस आवडायचा. तो सांगायचा, "सर, टर्बो म्हणजे एक चक्री. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वाऱ्यावर ती फिरते आणि आत जास्तीची हवा कोंबते. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. एवढ्या फेऱ्यांत तिला आधार कसला, तर तेलाच्या पातळ थराचा. ते तेल येतं या नळीतून. करंगळीएवढीपण जाड नाही बघा. लांबून आलात की लगेच चावी फिरवू नका, एक मिनिट गाडी चालू ठेवा. नाहीतर तेल आतल्या आत करपतं, नळीत काजळी धरते."

सरांनी हे वर्षानुवर्षं पाळलं. गाडी बिल्डिंगखाली उभी करून ते घड्याळाकडे बघत बसायचे, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणायच्या, "झालं का तुमच्या चक्रीचं?" गाडी दोन लाखांच्या वर चालली. क्लच बदलला, इंजेक्टर उघडले, सस्पेन्शन दोनदा केलं, पण टर्बोला हात लावायची वेळ आली नव्हती. दसऱ्याला सर पेढ्यांचा पुडा घेऊन गॅरेजवर यायचे. गुणाजीची मुलगी अपेक्षा बारावीला होती तेव्हा सरांनी तिला केमिस्ट्री फुकट शिकवली. गुणाजी बायकोला म्हणायचा, "सर म्हणजे आपलोच माणूस."

मग सरांची नजर अधू झाली आणि गाडी त्यांचा मुलगा यशोधन चालवू लागला. यशोधन ठाण्याला राहायचा, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. आई-वडिलांना सुट्टीच्या दिवशी कुठे न्यायचं तर तो येऊन निळी गाडी काढायचा. त्याला एक मिनिट थांबायची सवय नव्हती. दोन वर्षांत गाडीने निळसर धूर सोडायला सुरुवात केली. चढावर ओढ नाही, आणि वेग घेताना शिट्टीसारखा आवाज.

गुणाजीने हवेचा पाइप काढून आत बोट घातलं, तर बोट तेलाने माखलं. चक्रीचा दांडा हाताने हलवून बघितला, तो खुळखुळत होता.

"यशसाहेब, टर्बो गेला. नवा घालू. पण त्याबरोबर तेलाची नळी बदलायची, खालचा तेलाचा चेंबर उघडून धुवायचा, आणि पाइपांत साठलेलं तेल काढायचं. नळी मागवावी लागेल. पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवस? काका, येत्या रविवारी चिपळूणला बारसं आहे. आईला टॅक्सीत बसवत नाही."

"मग दुसरी गाडी बघा. हिला घाई चालत नाही."

यशोधनने गाडी उचलली आणि लांबच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. काचेचा दरवाजा, एसी, बसायला सोफा, कॉफीचं मशीन. त्यांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि तीन दिवसांत नवा टर्बो बसवून दिला.

गुणाजीला वाईट वाटलं, पण गिऱ्हाईक जाणं त्याला नवीन नव्हतं. त्याच्या डोक्यातून नळी मात्र जाईना. शुक्रवारी दुपारी डबा अर्धा टाकून त्याने सरांना फोन लावला.

"सर, गाडी आली म्हणे. एक विचारा त्यांना, तेलाची नळी बदलली का? बदलली नसेल तर घाटात नेऊ नका. जुन्या नळीत काजळी असते, नवा टर्बो कोरडा पडेल. आणि पडला, तर इंजिन स्वतःचंच तेल ओढायला लागतं. मग चावी काढली तरी थांबत नाही. यशसाहेबांना सांगा एवढं."

"सांगतो, सांगतो," सर म्हणाले.

रविवारी पनवेलच्या पुढे तेच झालं. मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि इंजिन आपोआप किंचाळत वेग घेऊ लागलं. यशोधनने गाडी कडेला घेऊन चावी काढली, तरी ते थांबेना. तो ओरडला, "उतरा, उतरा!" सरोजिनीबाई घाईने डाव्या बाजूला उतरल्या. तिथे रस्त्याची कड खचलेली होती. त्या खाली गटारात कोसळल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. इंजिन तेल संपेपर्यंत ओरडत राहिलं आणि मग जागच्या जागी आवळून मेलं.

वर्कशॉपने एक पानाचा रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं होतं की आधीच्या स्थानिक मेकॅनिकने केलेल्या निकृष्ट कामामुळे इंजिनात दोष होता. चोर सोडून संन्याशाला सुळी. तो कागद घेऊन यशोधन भोईवाड्याला आला आणि गल्लीतल्या लोकांसमोर, बाकड्यावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "सोळा वर्षं तुम्ही आमच्या गाडीची वाट लावलीत. माझी आई अंथरुणाला खिळली तुमच्यामुळे. तुम्ही लोक शिकलेले नसता, आणि आम्ही गाढव, आंधळा विश्वास ठेवतो."

गुणाजी हातात पाना धरून उभा राहिला. एवढंच म्हणाला, "मी फोन केला होता."

"कोणाला?"

"सरांना विचारा."

यशोधनने ते ऐकलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी त्याने गॅरेजचा फोटो, पाटीवरच्या नावासकट, इंटरनेटवर टाकला. एक तारा, आणि खाली लिहिलं की या माणसामुळे माझी आई मरता मरता वाचली. अपेक्षाने ऑफिसातून येऊन तो बापाला दाखवला. गुणाजीची बायको सुभद्रा म्हणाली, "सर काय गप बसतले? ते सांगतीत पोराक."

आठवडा वाट पाहून, बाई हॉस्पिटलातून घरी आल्याचं कळल्यावर, गुणाजी हिंदू कॉलनीत गेला. निळी गाडी टो करून आणून कंपाउंडच्या कोपऱ्यात उभी केली होती. सर आणि यशोधन दोघंही खालीच होते.

"यशसाहेब, पाच मिनिटं माझ्यासमोर उभे राहा," गुणाजी म्हणाला. "मग हवं ते बोला."

त्याने बॉनेट उघडलं. टर्बो नवा कोरा होता, पण त्याला येणारी नळी काळी, जुनी, आणि तिच्या वरच्या टोकाच्या बोल्टवर वर्षानुवर्षांचा धुळीचा थर जसाच्या तसा होता. तिथे कोणी पानाच लावला नव्हता. गुणाजीने दोघांच्या डोळ्यांसमोर तो बोल्ट सोडवला, नळी काढली, पुसली आणि यशोधनच्या हातात दिली.

"फुंका."

यशोधनने फुंकून बघितलं. गाल फुगले, हवा पलीकडे गेली नाही. हॅक्सॉने गुणाजीने नळी उभी चिरली. आत कोळशासारखी काजळी गच्च बसली होती.

यशोधन मूर्ख नव्हता. त्याने नखाने ती काजळी खरवडून बघितली. मग म्हणाला, "हे तुम्हाला माहीत होतं, तर आम्ही निघायच्या आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. शुक्रवारी दुपारी. सरांना."

यशोधनने वडिलांकडे बघितलं. गुणाजीनेही बघितलं. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"मला तर काही आठवत नाही रे," ते म्हणाले. "आला असेल फोन. पण असं काही बोलल्याचं... नाही आठवत."

गुणाजीला वाटलं, आपल्या कानात काहीतरी गेलंय. तो फक्त म्हणाला, "सर?"

सर फाटकाकडे वळले होते.

गुणाजी तसाच निघून गेला असता, पण बाईंना भेटायला आलो असं वॉचमनला सांगून आला होता. तो वर गेला. सरोजिनीबाई खिडकीपाशी पलंगावर होत्या, पायाला वजन लावलेलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"मी ऐकला होता तुमचा फोन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर असतो. मीच म्हटलं, यशला सांगू नका आता. तो चिडतो. दोन महिन्यांनी एकदा येतो, त्यात पुन्हा गाडीवरून वाद नको. हे म्हणाले, बरोबर आहे."

गुणाजीने पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

"आता त्याला कळलं ना, की आम्ही दोघांनी लपवलं आणि त्यातून हे झालं, तर तो पाय ठेवणार नाही या घरात. मला उठवायला-बसवायला सध्या तोच इथे राहतोय. तुम्ही परके आहात, गुणाजी. तुम्हाला सोसेल."

त्यांचे डोळे भरून आले होते. गुणाजी "काळजी घ्या," म्हणाला आणि जिना उतरला. खाली यशोधन फोनवर वर्कशॉपवाल्यांशी भांडत होता. गुणाजीला बघून त्याने फोनवर हात ठेवला. "तो रिव्ह्यू मी काढतो," म्हणाला. "बघतो."

तो त्याने काढला नाही. विसरला असेल, किंवा लाज वाटली असेल. वर्कशॉपने गुपचूप काही रक्कम देऊन त्याचं तोंड बंद केलं, असंही कोणी म्हणालं. निळी गाडी कुर्ल्याला भंगारात गेली. गुणाजीचा एक तारा तसाच राहिला, आणि नवीन गिऱ्हाईक आधी फोनवर बघून येणारं असल्यामुळे येईनासं झालं. अपेक्षाने खाली उत्तर लिहायला घेतलं. त्याने मोबाइल काढून घेतला. "काय लिहशील? सर खोटं बोलले म्हणून? तुला शिकवलंय त्यांनी."

सहा महिन्यांनी, एका सकाळी सर गॅरेजवर आले. बरोबर त्यांच्या फिरायला जाण्यातले एक गृहस्थ, मनोहर कारखानीस, आणि त्यांची करड्या रंगाची, तेरा वर्षांची टर्बो गाडी. सर जणू मधे काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "मनोहर, गाडी द्यायची तर यांनाच. मुंबईत दुसरा माणूस नाही."

गुणाजीने हात पुसले. कितीतरी दिवसांत असं काम आलं नव्हतं. आत एक जुनी रिक्षा तेवढी उभी होती.

"सर, हेच तुम्ही यशसाहेबांसमोर बोलाल?"

सरांनी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. "अहो, आता ते सगळं कशाला उकरायचं. सरोजिनी नुकती वॉकर धरून चालायला लागलीय."

"मग गाडी दुसरीकडे न्या."

"गुणाजी, मी तुमच्यासाठीच आणली आहे."

"ते कळलं मला," गुणाजी म्हणाला आणि रिक्षाकडे वळला.

कारखानीसांना काहीच उमगलं नाही. ते बिचारे "सॉरी हं" म्हणून सरांना घेऊन गाडीत बसले. गाडी सुरू झाली आणि गल्लीतून वळताना त्यांनी जरा वेग दिला, तेव्हा गुणाजीने ऐकलं. बारीक फुस्स, मग शिट्टी. हवेचा पाइप फाटला होता. दहा मिनिटांचं काम होतं. तसंच चालवलं तर चक्रीवर ताण येणार आणि महिना-दीड महिन्यात टर्बो जाणार. त्या माणसाने त्याचं काहीही वाईट केलं नव्हतं. वळणावर गाडी एका रिक्षामागे अडकून थांबली होती, हाक ऐकू गेली असती.

गुणाजीने हाक मारली नाही.

घरी त्याने सरांना परत पाठवल्याचं तेवढं सांगितल्यावर सुभद्रा ताटात भात वाढता वाढता थांबली. "सरांका परत पाठवलास ता बरा केलास," ती म्हणाली. "पण त्या दुसऱ्याक गाडीचो बिघाड सांगूक काय झाला व्हता तुका? त्याचो काय गुन्हो?"

गुणाजी खाली मान घालून भात कालवत राहिला. सरांवरचा राग सहा महिने तो जपून वापरत आला होता. तो खरा होता, स्वच्छ होता, त्याला कोणी बोट लावू शकत नव्हतं. आज पहिल्यांदा तो घशाखाली उतरेना.

"माका आवाज ऐकाक नाय इलो," तो म्हणाला.

सुभद्राने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आमटीचं भांडं पुढे सरकवलं.