मामांच्या गाडीची ओढ

गाडी कितीही म्हातारी झाली तरी तिची ओढ, म्हणजे ओझं ओढायचा जोर, वाढवता येते, या गोष्टीवर माझ्या बायकोच्या मामांची जितकी श्रद्धा होती, तितकी मी कुणाची कशावरही पाहिलेली नाही. मामा देवबागला राहतात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर घर, माड आणि ती गाडी. गोव्यातल्या एका खाणीने लिलावात काढलेली सहा सिलिंडरची जुनी पिकअप. पावसाळ्याआधी होड्या वर ओढून घ्यायला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ती आणली. पहिल्याच वर्षी ओल्या वाळूत एका मोठ्या होडीपुढे तिने मान टाकली आणि मामांना पुढच्या सगळ्या आयुष्याचं काम मिळालं.

आमचं लग्न वालावलला देवळात झालं. मुहूर्त टळून गेल्यावर मामा पोचले, अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या आणि आशीर्वाद देण्याऐवजी विचारलं, "जावयबापू, सहा सिलिंडराची गाडी कधी बघलास?" मी नाही म्हणालो. त्यानंतर जेवणाची पंगत बसेपर्यंत मी हार घातलेला नवरदेव उघड्या बॉनेटमध्ये वाकून उभा होतो. पहिल्यांदा सासुरवाडीच्या माणसांना भेटायला देवबागला गेलो, तर मामांनी मला गाडीच्या हौद्यात मागच्या चाकाच्या बरोबर वर बसवलं. चाकांवर वजन पडलं की ती वाळू नीट धरतात, असं त्यांचं म्हणणं. वाळूची पोती कमी पडत होती आणि जावई हाताशी होता. त्या दिवशी मामांनी होडीला दोर बांधला, गाडी सोडली आणि ती पन्नास पावलं झरझर पुढे गेली. मामांचा चेहरा फुलला. मागे तोंड करून बसलेल्या मला मात्र दिसत होतं, की होडी जागच्या जागी आहे आणि तिला आमचा बंपर लटकतो आहे. मामांना ते सांगायला मला फार जड गेलं. ते उतरून बंपर बघून आले आणि म्हणाले, म्हणजे ओढ होती, हूक चुकीच्या जागी होता. आठवड्याभरात हूक थेट गाडीच्या सांगाड्याला, चासीला, वेल्डिंग करून बसला.

असं ते वर्षानुवर्षं चाललं. कार्ब्युरेटर उतरवून रॉकेलमध्ये धुतला गेला. इंजिन तापतं म्हणून एका ट्रकचा रेडिएटर आणून पुढे बसवला, तेव्हापासून बॉनेट कधी पुरतं मिटलं नाही. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की इंजिनाला जोर आहे, तो चाकापर्यंत पोचत नाही, आणि खरा दोष मागच्या ॲक्सलमधल्या दातेरी चक्रांत आहे. हव्या त्या दात्यांची जोडी मिळवण्यासाठी त्यांनी तळेऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे तीन वर्षं खेपा घातल्या. ती मिळाली, बसली, आणि गाडी खरंच हत्तीसारखी ओढू लागली. चालायलाही हत्तीसारखीच लागली. मालवणला जायला निघालेल्या मामांना सायकलवाले मागे टाकून जात, आणि मामा त्यांना हात करत. मामी दारात उभ्या राहून आल्यागेल्याला सांगायच्या, "कपाट सरकवा म्हटला तर ह्यांची कंबार धरता, आणि गाडयेचो जोर वाढवतत."

दोन वर्षांपूर्वी आषाढात आम्ही तिथेच होतो. दुपारी मामींना छातीत कळ आली आणि त्या स्वयंपाकघरातच खाली बसल्या. ॲम्ब्युलन्स आली, मामींना घेऊन निघाली आणि अर्ध्या मैलावर रुतली. ती येऊन परत फिरेपर्यंत भरतीने रस्त्यावर गुडघाभर वाळू आणून टाकली होती. माणसांनी ढकलून ती आणखी रुतली. मामांनी गाडी काढली. कुणी न सांगता मी हौद्यात पोत्यांशेजारी जाऊन बसलो. त्यांनी उतरून टायरमधली हवा कमी केली, दोर बांधला, आणि घाई न करता, पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू क्लच सोडला. ॲम्ब्युलन्स एकदाच हलली आणि मग लोण्यातून सुरी काढावी तशी बाहेर आली. मामांनी दोर सोडला आणि ती तशीच दवाखान्याकडे निघाली. दवाखान्यात मामी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "आज गाडयेन ओढल्यान हां. माका आतसून कळला." दिवस उलटले तरी त्या आजच म्हणत; आज म्हणजे कधीचं, हे त्यांना नंतर नंतर आठवेना. सहाव्या दिवशी त्या गेल्या.

डॉक्टर म्हणाले, वाळूत गेलेल्या वेळाने काही फरक पडला नसता. दुखणं दोन दिवस आधीपासून असणार, त्यांनी अंगावर काढलं. मी हे मामांना सांगितलं, त्यांच्या मनाला तेवढाच आधार म्हणून. ते दवाखान्याच्या बाकावर बसले. मग म्हणाले, "त्या दोन दिसांत मी गाडयेखालीच होतंय. तुझी मामी दारात येवन उभी रवली आणि परत गेली. दोनदा. माका वाटला, जेवक बोलवता."

त्यानंतर मामांनी गाडीला हात लावला नाही. होड्या वर घ्यायच्या दिवसांत गावातलं कुणीतरी किल्ली मागतं, ते देतात, आणि कोण घेऊन गेलं हेही बघत नाहीत. या मे महिन्यात मी एकटाच गेलो होतो. खाडीच्या बाजूला होडी ओढण्याचं काम चाललं होतं, इंजिनाचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. गाडीविषयी काही बोलावं म्हणून मी एकदोनदा सुरुवात केली, पण मामांनी बायकोची आणि मुलीची खुशाली विचारली. मग आत जाऊन ताटं घेतली. भात आणि बांगड्याचं तिखलं, दोन्ही त्यांनीच केलेलं. मी पहिला घास घेईपर्यंत ते थांबले.

"मीठ बरोबर आसा?" त्यांनी विचारलं.

मीठ जास्त झालं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे. मामांनी माझ्या भातावर आणखी एक पळी वाढली, आणि मग स्वतः जेवायला बसले.