पाठ रस्त्याकडे

सगळे त्याला ‘सेकंद’ म्हणत. बायकोने जेवायला हाक मारली की हा म्हणणार, “आलोच, दोन मिनिटं दहा सेकंदांत,” आणि खरंच तेवढ्यात येणार. मॅरेथॉनचं वेडच होतं त्याला तसं. स्वतः कधी बसमागेसुद्धा पळाला नाही, पण कोण किती वेळात पळालं ते विचारा, धडाधड सांगेल. त्यातही एक लांब ढांगांचा पळणारा म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याला हा ‘लंबूटांग’ म्हणायचा. अठरा वर्षं त्याला टीव्हीवर पाहिलं आणि यंदा लंबूटांग याच्याच शहरात पळणार होता, तेही शेवटचं.

सेकंद एका सिक्युरिटी कंपनीत वॉचमन. सहा वर्षं हंगामी म्हणून काढली, आठ दिवसांनी कायम होणार होता. साहेबांच्या मागे लागून त्याने शर्यतीची ड्युटी मागून घेतली. दोरीच्या आत उभं राहायचं, म्हणजे हाताच्या अंतरावरून दर्शन! स्वारी खुशीत होती.

“टीव्हीवर जास्त जवळून दिसतो की,” बायको म्हणाली.

“टीव्हीतल्या माणसाला घामाचा वास नसतो,” तो म्हणाला.

सकाळी साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून नियम सांगितला. पाठ रस्त्याकडे, तोंड गर्दीकडे. जो मागे वळेल त्याने उद्यापासून कामावर यायचं नाही. झालं, नशिबाने तोंडाला पानं पुसली. साहेब स्वतः समोरच्या दुकानाच्या पायरीवर, डोळ्यांत तेल घालून उभे.

दीड तास सेकंद खांबासारखा उभा राहिला आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत राहिला. मग गर्दीच्या माना एकदम डावीकडे वळल्या. मागून पावलं चटचट वाजत आली आणि लोक ओरडले.

“अगं बाई, तो उंच माणूस पडला,” दोरीजवळची चष्मेवाली बाई म्हणाली.

“कुठला उंच?”

“कपाळाला लाल पट्टीवाला. पोटरी धरून बसलाय.”

लाल पट्टी म्हणजे लंबूटांगच. तेवढ्यात सेकंदच्या खांद्यावर एक हात पडला, जड, गरम, घामाने निथळणारा. लंबूटांग त्याच्या आधाराने उभा राहून पाय ताणत होता. त्याचा श्वास सेकंदच्या मानेवर येत होता. मान जराशी वळवायची, एवढंच काम. पण साहेबांची नजर थेट त्याच्यावर होती. त्याला रडू आलं, स्वतःची लाज वाटली, पण मान काही वळली नाही. तेवीस सेकंदांनी हात उचलला गेला. पावलं लंगडत लांब गेली. लोक टाळ्या वाजवत सुटले.

“काय चेहरा झाला होता हो त्याचा,” बाई डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही पाहिलात ना?”

सेकंदने खांद्यावरची ओल चाचपली.

साहेब पायरी उतरून आले. “शाब्बास. एवढा माणूस रेलला तरी हलला नाहीस. कायमच्या यादीत पहिलं नाव तुझंच. आणि आता दरवर्षी ही जागा तुझी.”

“हो साहेब,” सेकंद म्हणाला. ड्युटी संपायला अजून चार तास होते.