अंधार पडेपर्यंत

बोरी बुद्रुकच्या कुशाबाईचा आवाज कुकडी नदीच्या पलीकडं ऐकू जातो, असं लोक म्हणतात. लोकांना काय, वाढवून सांगायची खोड असते. पण मळ्यातल्या चार घरांत तरी तो नक्की जातो. तिच्या माहेरी, आणे गावात, विचारलं तर म्हातारी माणसं सांगतील की पोर लई मऊ बोलायची. पठारावरचा वारा तिचं बोलणं परस्पर उडवून न्यायचा आणि आई ओरडायची, "अगं, तोंड उघडून बोल की!"

तोंड उघडलं ते वाघानं. बिबट्याला इकडं सगळे वाघच म्हणतात. बिबट्या हा शब्द वनखात्याच्या पाटीवर असतो. उसातून वाघ यायला लागले तशी माणसांनी एक रीत धरली. वाटेनं एकटं चालायचं तर मोठ्यानं बोलत चालायचं, म्हणजे माणूस येतोय हे त्याला आधीच कळतं आणि तो आपल्या वाटेनं जातो. पोरं मोबाईलवर गाणी लावतात. कुशाबाईला मोबाईलचं काही जमत नाही, म्हणून गोठ्यावरून घरी येताना ती स्वतःच बोलते. आणि बोलायचंच आहे तर उगाच बडबड कशाला, म्हणून ती वाघाला घरचं सांगते.

"आले रं बाबा मी, सरक बाजूला. आज आरतीनं वांग्यात मीठच घातलं न्हाई. मी काय बोलले न्हाई तिला. तुला म्हणून सांगते."

दुसऱ्या दिवशी वांग्यात मीठ बरोबर पडायचं. सुनेला न सांगता कळतं, गुणाची आहे पोर, असं कुशाबाई चारचौघींत कौतुकानं म्हणायची. स्वयंपाकघराची खिडकी उसाच्या वाटेवरच उघडते, ही गोष्ट तिच्या ध्यानात कशी आली नाही, देव जाणे.

तिचे मालक सोपानराव तिचं हे बोलणं रोज ऐकायचे आणि एक शब्द ऐकायचे नाहीत. आवाज येतोय म्हणजे बायको शाबूत आहे, एवढाच त्यांना त्यातला अर्थ. त्यांचं काम वेगळं होतं. दिवस कलायला लागला की ते घुंगरकाठी घेऊन मळ्यात फिरायचे आणि गाई, वासरं, कोंबड्या, मुलगा, सून, नात असं सगळं एका आवाजात आत हाकायचे. सूर्य डोंगराला टेकायच्या आत दाराला अडसर. मग पाहुणा येवो, पाव्हणी येवो, सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. पोरं याला आबांचा कर्फ्यू म्हणत.

हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट असती तर कुशाबाईनं कधीच नेली असती. पण तीन उन्हाळ्यांमागं एका संध्याकाळी हर्षाली, त्यांची नात, अंगणात बसली होती आणि तिच्या पायाशी बसलेलं कुत्रं वाघानं उचललं. सोपानराव तिथंच उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तांब्या खाली पडला नाही, की तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हापासून हा कर्फ्यू. त्यांना कोण काय बोलणार?

पण कुशाबाई हे संध्याकाळचं माणूस. लग्न होऊन आली तेव्हापासून दिवसभराचं काम उरकलं की अंगणात बाज टाकून बसायचं, शेजारणी जमायच्या, माणसाचं तोंड दिसेनासं होईपर्यंत गप्पा चालायच्या. ते सगळं बंद झालं. आता संध्याकाळ झाली की टीव्ही, आणि टीव्हीत दुसऱ्यांच्या सासवा. एकदा ती हर्षालीच्या केसांना तेल लावताना म्हणाली, "मला काय नको गं. एकदा अंधार पडंपर्यंत उघड्यावर बसायचंय. पाय पसरून. माघारी न बघता."

हर्षालीनं ते मनात धरलं. तिची मैत्रीण बुशरा जुन्नरची, आणि बुशराची आत्या अमिरुन्निसा कोकणात एका टोकाच्या बंदरावर दिलेली. तिथं त्या बाईचं छोटं लॉज होतं. आजी-आबांचं दोन रात्रींचं ठरलं. आबांना सांगितलं की आजीनं समुद्र बघितलेला नाही. हे खरंच होतं, त्यामुळं आबांना नाही म्हणता येईना.

"दोन राती? आन गोठा?"

"गोठा मी बघतो," मुलगा सुदर्शन म्हणाला.

"दार कोण लावल?"

"दार बी मीच लावतो, आबा. हात हायेत मला."

सोपानराव निघाले ते घुंगरकाठी आणि मोठी बॅटरी घेऊनच. कुशाबाईनं पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाणे आणि कांदे भरले. लॉजवर पैसे देऊन राहायचं असतं हे तिला हर्षालीनं समजावून सांगितलं होतं. ते तिला कळलंही होतं. पण म्हणून कुणाच्या दारात मोकळ्या हातानं जायचं?

आळेफाट्यावरून एक एसटी, मग दुसरी, आणि शेवटी रिक्षा. जिथं रस्ता संपला तिथं 'सी व्ह्यू लॉज' होतं. लॉजच्या कुठल्याच खोलीतून समुद्र दिसत नव्हता. तो पाण्याच्या टाकीवर चढलं की दिसायचा, असं अमिरुन्निसानं स्वतःच हसत सांगितलं. एका ओळीत कौलारू खोल्या, पुढं वाळूचं अंगण, अंगणाच्या पलीकडच्या कडेला न्हाणीघर आणि संडास. त्यामागं माड, आणि माडांमागं कुठंतरी समुद्राचा घोष चाललेला.

कांदे बघून अमिरुन्निसाच्या डोळ्यांत पाणी आलं, चिरायच्या आधीच. "माझ्या माहेरचे कांदे, मावशी," ती म्हणाली. "लई वर्षांनी."

पहिल्या दिवशी कुशाबाई न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून पायरीवर येऊन बसली. अजून उन्हं होती. जरा उन्हं उतरली की जायचं, असं तिनं मनाशी ठरवलेलं. सोपानराव अंगणात उभे राहून डोळ्यांवर हात धरून सूर्याकडं बघत होते. बघून झालं आणि म्हणाले, "चल आत."

"अवो, हितं कसला..."

"चल आत, कुशे. परका मुलूख हाय."

कडी लागली. कडीचा भरवसा नाही म्हणून तिला टेबल लावलं. टेबलाचा भरवसा नाही म्हणून टेबलावर सोपानराव बसले. अमिरुन्निसा जेवण घेऊन आली तेव्हा ते आतून म्हणाले, "खिडकीतनं द्या." ताट काही खिडकीच्या गजांतून जाईना. मग भाकरी गुंडाळी करून आत आली, माशाचं कालवण पेल्यातून आलं, आणि तळलेला तुकडा शेपटीकडून ओढून घ्यावा लागला. अमिरुन्निसाच्या लॉजला बरीच तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं येऊन गेली असतील, पण जेवण असं तिनं कुणाला वाढलं नसावं. कुशाबाईनं शरमेनं पदर तोंडाला लावला. बाहेर लाटांचा आवाज येत होता आणि ती भिंतीकडं बघत मासा खात होती.

ती बोलली का नाही? एरवी जिचा आवाज चार घरांत जातो, तिला खोलीतल्या खोलीत एक वाक्य बोलता येईना. बोलून दाखवावं तर मालकांना वाटायचं, हिला मी कोंडून घातलं. आणि त्या तांब्याची आठवण तिलाही होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी समुद्र पाहिला. कुशाबाईनं पाय भिजवले, पाणी तोंडात घालून थुंकलं आणि "खरंच की, खारट!" म्हणाली. सोपानरावांनी समुद्राकडं एकदा बघून घेतलं, शेताच्या बांधाकडं बघावं तसं, आणि मग पाठीमागच्या सुरूच्या बनाची पाहणी केली. दबा धरायला जागा चांगली होती. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका माणसाला त्यांनी विचारलं, "पावणं, हितं वाघ हाय का?"

"वाघ? नाय हो. कधी दिसला नाय."

"दिसला न्हाई ना?" सोपानराव मान हलवून कुशाबाईला म्हणाले, "आमच्याकडं बी आधी दिसत नव्हता."

त्या माणसानं जाळ्यात मान घातली.

दुपार कलली. उद्या सकाळच्या एसटीनं परत जायचं होतं, म्हणजे हीच संध्याकाळ होती. कुशाबाईनं शेंगदाणे भाजून देते म्हणून अमिरुन्निसाच्या चुलीपाशी वेळ काढला, केर नसलेली पायरी झाडली, सुकलेले कपडे एकेक करून काढले. सोपानराव डोळ्यांवर हात धरून अंगणात उभे राहिले आणि तिचं मन खट्टू झालं.

"चल आत."

ती आत गेली. कडी लागली, टेबल लागलं. तिनं सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या आणि मग ती उठली. "मला तिकडं जायाचंय," ती अंगणापलीकडं बोट दाखवून म्हणाली.

याच्यावर कर्फ्यूकडंही इलाज नव्हता. सोपानरावांनी टेबल सरकवलं, दार वीतभर उघडलं, बॅटरी अंगणात मारली. अजून चांगला उजेड होता, बॅटरीचा झोत वाळूवर दिसतही नव्हता.

"बोलत जा," ते म्हणाले. "मोठ्यानं."

कुशाबाई टमरेल घेऊन निघाली आणि सवयीनं तिचं तोंड सुरू झालं.

"आले रं बाबा मी, सरक बाजूला. असशील तर ऐक, नसशील तर सोड. दोन एसट्या बदलून आले मी. समुद्र बघायला न्हाई आले. समुद्र काय, पाणीच हाय, आन ते बी खारट. मला अंधार पडंपर्यंत भायेर बसायचं व्हतं रं. एकदाच. हर्षालीला म्हणले, तर पोरीनं एवढं केलं. आता उद्या माघारी. आमच्या मालकांना सांगू नको. त्यांची काय बी चूक न्हाई. चूक तुझी हाय. तू त्यांच्या डोळ्यांदेखत कुत्रं नेलंस, आन तवापासून त्यो माणूस..."

इथं आवाज थांबला.

पुढच्या खोलीतले पाहुणे दारात आले होते. अमिरुन्निसा हातात कालथा घेऊन उभी होती. यांतल्या कुणाला काही वाटो न वाटो, सोपानरावांना एकच कळलं: आवाज बंद झाला. टेबल आडवं झालं, दार भिंतीवर आपटलं आणि घुंगरकाठी छमछम वाजवत ते अनवाणी अंगणात धावत आले.

कुशाबाई अंगणाच्या मधोमध उभी होती. शाबूत होती. दोन माडांच्या मधून लाल उजेडाची एक चीर येत होती आणि कुशाबाई त्या उजेडाकडं बघत होती. गाल ओले होते.

"बोलायची का थांबलीस?" सोपानराव धापा टाकत ओरडले.

"संपलं बोलायचं."

त्यांनी माडांकडं बघितलं, सुरूच्या बनाकडं बघितलं, मग बायकोच्या तोंडाकडं बघितलं. त्या बोलण्यातला शब्द न् शब्द आज त्यांच्या कानांत शिरला होता. एवढी वर्षं जे उसातून नुसतं आवाज म्हणून येत होतं, ते आज बोलणं होऊन आलं होतं. ते खाकरले. काठी या हातातून त्या हातात घेतली.

"त्ये ठेव हितंच," टमरेलाकडं बोट दाखवून ते म्हणाले. "चल."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? भायेर बसायचंय ना तुला?"

ते पुढं आणि ती मागं, अशी दोघं माडांमधून गेली. वाळू अजून कोमट होती. सोपानरावांनी जागा बघितली, काठीनं दोनदा आपटून घेतली. कुशाबाई समुद्राकडं तोंड करून बसली आणि तिनं पाय लांब केले. सोपानराव तिच्या पाठीला पाठ लावून उलटे बसले, गावाकडं तोंड करून, मांडीवर काठी आडवी आणि हातात बॅटरी.

"अवो, समुद्र इकडं हाय."

"तू बघ तिकडं. मी बघतो इकडं."

ती तिकडं बघत राहिली. सूर्य पाण्याला टेकला, पसरट झाला, मग तेलाचा थेंब विरावा तसा विरून गेला. एवढं सोनं कुणी पाण्यात टाकतं का, असं तिला वाटलं, आणि ती चक्क हसली. पाठीमागं सोपानरावांची पाठ ताठ होती, खांबासारखी. सुरूच्या बनात काही हललं की ती आणखी ताठ व्हायची, एखादं कुत्रं निघालं की सैल व्हायची.

"बुडाला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अजून," कुशाबाई म्हणाली.

गावातून मगरिबची, म्हणजे सांजेची, अजान झाली. होड्यांवर एकेक दिवा लागला. वारा गार झाला तसा तिनं पदर अंगाभोवती घेतला, पण पाय काही जवळ घेतले नाहीत. लांबून अमिरुन्निसाची हाक आली, जेवण तयार आहे म्हणून, आणि कुशाबाईनं टाचा वाळूत आणखी रुतवल्या. सोपानरावांच्या समोरचे माड आता नुसते काळे झाले होते, त्यांतला एक कुठला आणि दुसरा कुठला हे कळत नव्हतं.

"कुशे, बुडाला का गं?"

"थोडा ऱ्हायलाय."

"मग बस," सोपानराव म्हणाले, आणि त्यांनी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.